कोल्हापुरात सायनस लिफ्ट कुणी करून घेतलीय का? (आईच्या वरच्या दाढा)

मंगळवारपेठी
मंडळी, सल्ला पाहिजे. आईच्या (वय ६१) वरच्या डाव्या बाजूच्या मागच्या दोन दाढा काढून बरीच वर्षं झाली. तेव्हा "मागचं कुणाला दिसतंय" म्हणून तसंच ठेवलं. इतके दिवस उजव्या बाजूनं चावून निभावलं, आता ती बाजूही कुरकुरायला लागली. दोन फिक्स दात बसवून टाकू म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) काढला आणि म्हणाले, स्क्रू धरायला हाडच शिल्लक नाही, सायनस खाली उतरलाय. आधी सायनस लिफ्ट, मग सात-आठ महिने थांबायचं, मग इम्प्लांट (म्हणजे तो हाडातला स्क्रू), मग परत थांबायचं, मग कॅप. म्हणजे पुढच्या वर्षीचा दसराच.

दुसरीकडं दाखवलं. ते म्हणाले एवढं लांबवायचं कारण नाही, एकाच बैठकीत लिफ्टही करतो आणि स्क्रूही बसवतो.

आईचं म्हणणं तिसरंच : "दात तोंडात बसवायचाय, तर नाकात कशाला शिरताय?"

कुणी केलंय का हे? दुखतं किती, खर्च किती, आणि दोघांतल्या कुणाचं ऐकायचं?

उचगावचा_पप्या
दोन डॉक्टर आणि आई धरून तीन मतं. त्यातलं आईंचं पटलं.

गंगावेश_कट्टा
कशाला हाडाबिडात शिरताय भावा. कवळी करून टाका. आमच्या आज्जीनं कवळीवर नळी फोडली, नळी! आणि तांबडा-पांढरा तर शेवटपर्यंत. ऑपरेशन म्हणजे सगळे डॉक्टरांच्या गाडीचे हप्ते.

दंतकथा
हप्ते कधीच फिटलेत, त्यामुळं मोकळेपणानं बोलतो. हिरड्या आणि इम्प्लांटचंच काम करतो, जिल्ह्यातच. कुठं ते विचारू नका, पेशंट गोळा करायला इथं येत नाही.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडाआड, हवेची एकेक पोकळी असते : मॅक्झिलरी सायनस. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात, काहींची तर आत डोकावतात. दाढ काढली की हाड दोन्हीकडून जातं. खालून हिरडीकडचं झिजतं (पहिल्या वर्षात रुंदी निम्म्यापर्यंत उतरू शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच) आणि वरून सायनस पसरत खाली येतो. मधे उरतं ते काही मिलिमीटर, आणि त्या भागातलं हाड मुळातच भुसभुशीत. इम्प्लांट साधारण ८ ते १० मिमी लांब. तो जाणार कुठं?

या पोकळीला आतून अस्तर असतं, जाडी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. लिफ्टमध्ये हे अस्तर तळापासून अलगद सोडवून वर सरकवतात आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत हाडाची पावडर भरतात. अंड्याचं कवच काढायचं पण आतली पांढरी पापडी फाटू द्यायची नाही, त्या जातीचं काम. आईंना सांगा, नाकात कुणी शिरत नाही. सगळं तोंडातून, गाल बाजूला ओढून.

रस्ते दोन. उरलेलं हाड ५-६ मिमी किंवा जास्त असेल तर स्क्रूसाठी पाडलेल्या भोकातूनच अस्तर थोडं वर ढकलायचं, याला इनडायरेक्ट म्हणतात. समर्स या दंतवैद्यानं १९९४ मध्ये मांडलेली पद्धत. त्याहून कमी असेल तर गालाकडच्या हाडाला खिडकी पाडून, म्हणजे डायरेक्ट. ही जुनी : अमेरिकेत टाटमनं सत्तरच्या दशकात सुरू केली, बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये त्यावर लिहिलं. काल-परवाचा प्रयोग नव्हे. खिडकी पाडली तरी ४-५ मिमी हाड असेल तर स्क्रू त्याच वेळी बसवता येतो, कारण तेवढ्यात तो पकड घेतो. त्याहून कमी असेल तर बहुतेक जण आधी लिफ्ट करून स्क्रूसाठी काही महिने थांबतात. पकड नसलेला स्क्रू सायनसमध्ये निसटून गेल्याच्या केसेस आहेत, आणि तो बाहेर काढणं हे वेगळंच ऑपरेशन.

तेव्हा कुणाचं ऐकायचं हे आत्ता ठरणारच नाही. मिलिमीटर किती ते सांगा. ओपीजीवरून नको, त्यात माप फुगून येतं आणि रुंदी तर कळतच नाही. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करा. शिवाय साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन कधी घेतलंय का, आणि तंबाखू कुठल्याही रूपात आहे का, तेही सांगा.

मंगळवारपेठी
डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. एवढं दोन्ही दवाखान्यांत मिळून कुणी सांगितलं नव्हतं. साखर आहे, गोळीवर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.१. रक्ताची गोळी नाही, इंजेक्शन नाही. तंबाखू अजिबात नाही. मिश्री लावते फक्त, सकाळी आणि झोपताना. सीबीसीटी करून कळवतो.

दंतकथा
"तंबाखू नाही, मिश्री फक्त." रोज ऐकतो हे. अहो, भाजला म्हणून तंबाखूतलं निकोटीन जात नाही, आणि इथं तो थेट हिरडीवर घासला जातोय. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. जिथं नवं हाड धरायचंय तिथंच रक्त कमी पोचतं, जखम उसवते. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून हाड धरेपर्यंत बंद, आणि इम्प्लांट टिकवायचा असेल तर कायमचीच. तपकीर ओढत असतील तर तीही. ७.१ चालेल. ८ च्या पुढं असती तर मी आधी फिजिशियनकडं पाठवलं असतं.

बावड्याची_सून
मी डायरेक्ट करून घेतलीय, उजव्या बाजूची, आता वर स्क्रू बसून कॅपही झाली. मावशींना वाचून दाखवा.

भूल तेवढ्याच भागाला. दुखलं म्हणाल तर सुई टोचताना. आमच्या डॉक्टरांकडं पिझोचं मशीन होतं, ते कंपनानं हाड कापतं आणि मऊ अस्तराला सहसा धक्का लागत नाही म्हणे. बारीक शिट्टी वाजत राहते आणि घशाशी सतत पाणी, एवढंच. सुरुवातीला दंडातून रक्त काढून नळ्या मशीनमध्ये गरगर फिरवल्या. दहा-बारा मिनिटांनी नळी मला दाखवली : तळाला लाल, वर पिवळं पाणी, आणि मधे पिवळट लिबलिबीत गाठ. ती चिमट्यानं उचलून दाबली की चपटी चकती होते. थोडी कातरून पावडरीत कालवली, उरलेली खिडकीवर झाकली. पीआरएफ म्हणतात त्याला. आपलंच रक्त म्हटल्यावर मला बरं वाटलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल असा सुजला की डोळा बारीक झाला, मग निळं-हिरवं होत हनुवटीपर्यंत उतरलं. शेजारची काकू आमच्या ह्यांच्याकडं फार संशयानं बघायला लागली. नाकातून थोडं रक्त आलं, ते येणार म्हणून आधीच सांगितलं होतं. झोपताना दोन उशा.

पण सगळ्यात वाईट शिंक. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड आ करून सोडायची. आतून दाब आला की अस्तर हलतं, पावडर हलते. दोन-तीन आठवडे घरात फोडणी दुसऱ्यानं द्यायची आणि मी गच्चीवर. मावशींचं ऑपरेशन चटणीच्या दिवसांत ठेवू नका. मिरची कांडपाला नुसतं दारात उभं राहिलं तरी कल्याण होईल. स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, शहाळंसुद्धा पेल्यात ओतून.

तालमीचा_गडी
माझी इनडायरेक्ट झाली, हाड सहाच्या वर होतं. स्क्रू त्याच दिवशी. सूज नाही, काही नाही. पण ते हातोडीनं टकटक ठोकतात ना, त्यानं घोळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात कूस बदलली आणि सगळी खोली फिरली. आयुष्यभर मातीत आपटून घेतलं, कधी चक्कर नाही, आणि इथं संडासला जाताना भिंत धरतोय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डोकं धरून एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला असं फिरवलं, गेली चक्कर.

दंतकथा
कानाच्या आतले बारीक खडे ठोक्यांनी जागचे हलतात, म्हणून चक्कर. क्वचित होतं पण होतं, आणि त्या डोकं फिरवण्याच्या युक्तीनं बरंही होतं. हल्ली ठोकण्याऐवजी खास ड्रिल वापरणारे बरेच आहेत. वयस्कर पेशंटला किंवा मानेचा त्रास असणाऱ्याला मी ठोकत नाही.

पहाटफेरी_रंकाळा
वडिलांना हेच सुचवलंय. ते रोज कपालभाती, जलनेती करतात आणि गल्लीतल्या आरतीला शंख त्यांचाच. किती दिवस बंद?

दंतकथा
तिन्ही बंद, डॉक्टर हो म्हणेपर्यंत, महिनाभर तरी धरून चाला. सनई-बासरी, फुगे फुगवणं, पोहणं, जड उचलणं, विमान, सगळं त्याच यादीत. शंख दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा.

शिरोळचा_ऊस
सगळं गोड-गोड चाललंय म्हणून माझंही लिहितो. एका दवाखान्यात (नाव घेत नाही) मला बाराव्या दिवसापर्यंत "सगळं झकास" सांगत होते. मग नाकातून पांढरे बारीक खडे यायला लागले. घाण वास, गाल जड, वाकलं की ठणका. फोन केला तर म्हणे सर्दी असेल. शेवटी मिरजेला नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, स्कॅन झाला. अस्तर ऑपरेशनच्या वेळीच फाटलं होतं आणि पावडर सायनसमध्ये सांडली होती. सगळी धुऊन काढली. पैसे गेले ते गेलेच, महिने गेले. तो दात अजून नाही.

गंगावेश_कट्टा
बघा! म्हणून सांगत होतो कवळी.

दंतकथा
शिरोळकर, वाईट झालं. अस्तर फाटणं हीच या ऑपरेशनमधली सगळ्यात नेहमीची भानगड, साधारण पाचातल्या एकाला होते असं धरा, चांगल्या हातांकडूनही. छोटं भोक असेल तर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा पडदा लावून पुढं जाता येतं. मोठं असेल तर पावडर न भरता टाके घालायचे, काही महिन्यांनी परत यायचं. फाटलं यात डॉक्टरांचा दोष असेलच असं नाही. फाटलेलं पेशंटला न सांगणं आणि त्यावरच पावडर भरणं, तिथं मी त्यांची बाजू घेणार नाही.

मंगळवारपेठी, आईंना जुनी सर्दी, एकाच बाजूनं वाहणारं नाक, घाण वास असं काही असेल तर आधी नाक-घशाच्या डॉक्टरांकडं. सायनस साफ असल्याशिवाय त्यात हात घालायचा नाही. आणि डॉक्टरांना तोंडावर विचारा : फाटलं तर काय कराल? उत्तर देताना चिडले तर उठून या.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
एक विचारतो, राग मानू नये. आम्ही जैन. ही पावडर म्हणजे नेमकं कशाचं हाड? मागं माझ्या पत्नीच्या वेळी विचारलं तर रिसेप्शनवर हसले.

दंतकथा
हसण्यासारखं काही नाही, हा प्रश्न संमतीपत्रातच यायला पाहिजे. सगळ्यात जास्त वापरली जाते ती गाईगुरांच्या हाडापासूनची. त्यातलं मांस-प्रथिनं सगळं काढून फक्त खनिज उरवलेलं असतं, पण मूळ गुराचंच. दुसरी माणसाच्या दान केलेल्या हाडाची. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक गॅमा किरणांनी निर्जंतुक करून अशी हाडं पुरवते. तिसरी कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची. चौथं स्वतःचं हाड, हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या जागेतून खरवडलेलं. त्याला दुसरी जखम करावी लागते. कृत्रिम पावडरीनं काम होतं. गुराची फार हळू विरघळते, त्यामुळं भरलेली उंची टिकून राहते, म्हणून डॉक्टरांचा तिकडं ओढा. पण नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क.

सदरबाजार_९२
आणि वरून लावतात तो पडदा? आमच्या अब्बांच्या वेळी पावडर विचारून घेतली, पडद्याचं नंतर कळलं.

दंतकथा
बरोबर पकडलंत. पावडर सगळे विचारतात, पडदा कुणी विचारत नाही. कोलॅजनचा पडदा बहुतेक वेळा गुराचा असतो किंवा डुकराचा. खोक्यावर लिहिलेलं असतं, खोकं दाखवा म्हणा. दोन्ही नको असेल तर बावड्याच्या ताईंनी सांगितलेली पीआरएफची चकती खिडकीवर चालते.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
धन्यवाद. चार ओळींत जे कळलं ते एवढ्या दिवसांत कळलं नव्हतं.

फुलेवाडी_नाका
खर्चाचं कुणीच बोलेना. मला डायरेक्टचे पावडर-पडदा धरून ३५ ते ४० हजार सांगितलेत, इम्प्लांट-कॅप वेगळे. मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले, अपघातात दात गेला असेल तरच म्हणाले.

बावड्याची_सून
माझेही त्याच घरात. परवडत नसेल तर डेंटल कॉलेज बघा. नवे पारगावला तात्यासाहेब कोरे कॉलेज आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं. वेळ जातो, पण शिकवणारे सर मागं उभे असतात.

मंगळवारपेठी
सीबीसीटी आला. पुढच्या दाढेच्या जागी ४.१ मिमी, मागच्या जागी ३.४. रुंदी पुरेशी. सायनस साफ आहे, पण तळाला मधेच हाडाची एक भिंत आहे असं लिहिलंय. आता काय? आखूड इम्प्लांटचं पण वाचलं, ते चालतील का? आणि ब्रिज?

दंतकथा
ब्रिजला दोन्ही बाजूंना खांब लागतो, तुमच्याकडं मागं दातच नाही. आखूड इम्प्लांट चांगला पर्याय आहे, जिथं बसतो तिथं पाच वर्षांचे निकाल लिफ्ट करून बसवलेल्या लांब इम्प्लांटच्या तोडीचे येतात आणि कटकट कमी. पण आखूड म्हणजे साधारण ६ मिमी. ३.४ मध्ये ६ कसा बसवणार?

भिंतीनं घाबरू नका, बऱ्याच जणांत असते. अस्तर तिथं चिकटलेलं असतं आणि तिथंच फाटतं, म्हणून आधी माहीत असणं महत्त्वाचं. कधीकधी दोन खिडक्या पाडतात.

४.१ आणि ३.४, त्यात साखर आणि मिश्री. माझ्या आईचा जबडा असता तर मी आधी लिफ्ट करून थांबलो असतो. तुमचे दुसरे डॉक्टर चुकीचेच आहेत असं म्हणत नाही, ते सीबीसीटी न बघता बोलले असतील. हा रिपोर्ट घेऊन परत जा आणि या आकड्यावर स्क्रूला पकड कशी देणार ते विचारा.

मंगळवारपेठी
गेलो होतो. रिपोर्ट बघून तेही म्हणाले, मागच्या जागी थांबावंच लागेल. कुणाकडून करायचं ते ठरलं. कृत्रिम पावडर आणि पीआरएफ असं कबूल केलंय, आईनं तशी अटच घातली. मिश्रीवर मात्र घरात महाभारत. तिचा सवाल : मिश्री नाही लावली तर सकाळी पोट साफ कसं होणार?

दंतकथा
इसबगोल. रात्री कोमट पाण्यातून. आणि डबी तुम्ही ताब्यात घ्या, शेजारीण उसनी देणार नाही याचीही व्यवस्था करा.

बावड्याची_सून
तारीख कधीची? चैत्रात जोतिबाची यात्रा आहे. मावशी जात असतील तर आधी करू नका. डोंगरावरच्या गुलालात शिंक कोण थांबवणार?

मंगळवारपेठी
अरे हो! तिची यात्रा कधी चुकलेली नाही. डॉक्टरांनी यात्रेच्या आधीच्याच आठवड्याची तारीख दिली होती. आता पौर्णिमेनंतरची घेतो. तोवर मिश्रीशिवायचे तेवढेच आठवडे पदरात पडतील, आणि कांडपही उरकेल.

गंगावेश_कट्टा
डॉक्टर, चेष्टा बाजूला. माझी वरची दाढ पुढच्या आठवड्यात काढायची म्हणतायत, रूट कॅनलनं वाचणारी नाही म्हणे. काढल्यावर ते भोक तसंच सोडायचं का मग?

दंतकथा
सोडायचं नसेल तर काढण्याआधी सांगायचं. दाढ काढतानाच भोकात पावडर भरून वरून झाकतात, सॉकेट प्रिझर्व्हेशन म्हणतात. आकसणं पूर्ण थांबत नाही, पण बरंच कमी होतं, आणि पुढं स्क्रू बसवायचा झाला तर लिफ्ट टळू शकते किंवा छोटीवर भागतं. पू झालेला असेल तर कदाचित त्या दिवशी भरणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. कशाची पावडर ते मात्र विचारून घ्या.